काळ्या स्विफ्टवर पॉलिशनंतर काय लावायचं? बॉनेटवरच्या चार पट्ट्यांची नोंदवही

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी २०१५ ची स्विफ्ट, काळी. पुण्यात धायरीतल्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उंबराच्या झाडाखाली उभी असते. वर झाड, समोर नव्या इमारतीचं बांधकाम, आणि गाडी धुवायला टँकरचं पाणी. काळ्या रंगाचा छळ करायला एवढं पुरेसं आहे.

दसऱ्याला आईने बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. झेंडूची माळ बांधली, तिला दोऱ्याऐवजी तार होती. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसताना ऊन तिरकं पडलं आणि सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसले. तारेचा ओरखडा एकच होता. बाकीचं जाळं म्हणजे नऊ वर्षं रोज सकाळी कोरड्या धुळीवरून फिरलेल्या पिवळ्या फडक्याची कमाई.

एका स्टुडिओत विचारलं. पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंगचे १८,००० सांगितले. गाडीची आजची किंमत बघता जीव होईना, म्हणून स्वतःच करायचं ठरवलं. पॉलिश कसं करायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पॉलिश झाल्यावर वर काय लावायचं यावर मात्र जो तो आपल्या डब्याची जाहिरात करतो. म्हणून ही वही.

आज फक्त धुणं आणि क्ले. क्ले बार म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा. शाम्पूच्या पाण्याने ओल्या केलेल्या पत्र्यावर फिरवला की रुतलेले कण उचलतो. समोरच्या बांधकामाचे सिमेंटचे बारीक ठिपके टपावर इतके होते की हात फिरवला तर सँडपेपर वाटावा. दोन तास नुसत्या टपावर गेले.

पहिली चूक: क्लेचा अर्धा गोळा हातातून निसटून फरशीवर पडला. उचलला, धुतला, पुन्हा वापरला. उजव्या फेंडरवर वीतभर लांब ओरखडा. पडलेला क्ले फेकायचा असतो हे वाचलेलं होतं, पण तीनशे रुपयांचा मोह झाला.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. टप १०५ मायक्रॉन, बॉनेट ११० ते ११५, डावं मागचं दार २४०. त्या दाराला २०१९ मध्ये टेम्पो घासला होता, म्हणजे तिथे दुसऱ्यांदा रंग चढलाय. या ११० मध्ये सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० चा. पॉलिश त्यातलेच एक ते तीन मायक्रॉन खरवडतं. त्यामुळे हा खेळ दरवर्षी खेळता येत नाही, आणि एकदा केलेलं पॉलिश टिकवायला वर काहीतरी लागतंच.

३० नोव्हेंबर, शनिवार

पॉलिश. ऑर्बिटल मशीन, म्हणजे गोल फिरता फिरता डोलणारं, पाच इंची पॅड. गॅरेजमधलं नुसतं गरगर फिरणारं बफिंग मशीन मुद्दाम टाळलं, त्याने सवय नसलेला हात कडेचा रंग जाळतो.

सकाळी आठला सुरू केलं. दुपारी एकपर्यंत बॉनेट आणि दोन फेंडर, बस. संध्याकाळी सातपर्यंत टप आणि उजवी बाजू. पाठ गेली. पण ट्यूबलाइटच्या उजेडात बॉनेटमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे मोजता येत होते. फोटो काढले, मित्रांना पाठवले. घाई झाली.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी आयपीएने पुसलं. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक भाग अल्कोहोल, चार भाग डिस्टिल्ड पाणी, तेच बॅटरीत घालायचं. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती बारीक ओरखड्यांत बसून ते झाकतात. अल्कोहोलने तेल निघालं आणि कालच्या आरशातलं जवळजवळ निम्मं जाळं परत वर आलं. ते गेलेलं नव्हतंच, दडलेलं होतं.

बॉनेट पुन्हा केलं, या वेळी हात सावकाश आणि एका जागी सहा फेऱ्या. दर भागानंतर आयपीए मारून टॉर्चने तपासलं. साडेतीन तास जास्त गेले. कालच वर वॅक्स मारलं असतं तर वॅक्सने तेल झाकलं असतं, तेलाने ओरखडे, आणि महिन्याभराने मी वॅक्सला शिव्या दिल्या असत्या.

डावी दोन दारं सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर केली. आयपीएची बाटली संपली होती. "कोरड्या फडक्याने पुसलंय, चालेल" असं म्हणून सोडलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

७ डिसेंबर, शनिवार

मधला आठवडा गाडी उघडीच होती, त्यामुळे आज पुन्हा धुऊन, वाळवून, आयपीए मारून (डावी दारं सोडून, तिथे "झालंय की") मगच पट्ट्या. बॉनेटवर मास्किंग टेप लावून चार उभे भाग केले. ड्रायव्हरच्या बाजूने:

अ: कार्नाउबा वॅक्स, डब्यातलं घट्ट.
ब: पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम थर, बाटलीतलं पातळ.
क: सिलिकावालं स्प्रे, फवारा आणि पूस.
ड: काहीच नाही.

कार्नाउबा ही ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरची मेणाची साय. निव्वळ कार्नाउबा विटेसारखं कडक असतं, ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. डब्यात मिळतं ते तेलं, सॉल्व्हंट आणि दुसरी मेणं मिसळून मऊ केलेलं. त्यामुळे डब्यावरच्या "१०० टक्के कार्नाउबा"ला फार भुलू नये. तेवढं शुद्ध असतं तर बोटाने उचलता आलं नसतं.

लावताना अनुभव असा. वॅक्सचा थर मी जाड लावला, लोण्यासारखा, आणि तोही उन्हात. पुसताना इतकं चिकटलं की हाताला गोळे आले. शिवाय वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग. ते जुन्या टूथब्रशने आणि आयपीएने घासून काढण्यात पाऊण तास. दुसऱ्यांदा सावलीत, इतका पातळ लावला की लागलाय की नाही अशी शंका यावी. तेच बरोबर होतं. सीलंट सोपं: पातळ हात, अर्धा तास थांबा, बोट फिरवून धूसरपणा स्वच्छ निघतोय का पाहा, पुसा. स्प्रे तर पोरखेळ आहे, पाच मिनिटं.

बाकीची गाडी सहा महिने उघडी ठेवणं शक्य नव्हतं. सगळीकडे सीलंटचा एक हात मारला, कारण बाटली सगळ्यात जास्त पुरत होती. त्यात डावी दारंही आली.

टेप काढल्यावर बायकोला बोलावलं. "यातली सगळ्यात जास्त चमक कुठल्या पट्टीवर आहे?"

तिने दोन्ही बाजूंनी पाहिलं. "अहो, सगळं सारखंच काळं दिसतंय."

मला मात्र अ पट्टी किंचित जास्त खोल, ओली वाटत होती. तिला पुन्हा विचारलं तर तिने ड वर बोट ठेवलं, म्हणजे जिथे काहीच नाही तिथे. चमक पॉलिशची असते, वरच्या थराची नाही. हे आज १,४५० रुपयांचा डबा उघडल्यावर कळलं.

८ डिसेंबर, रविवार

सीलंटला १२ तास पाणी लागू द्यायचं नाही असं बाटलीवर लिहिलंय. काल संध्याकाळी नऊला लावून संपलं. गाडी पुसायला येणाऱ्या मामांना परवाच सांगितलं होतं, "मामा, रविवारी गाडीला हात लावू नका." मामा हो म्हणाले. पण आज मामांच्या ऐवजी त्यांचा भाचा आला. पहाटे सहाला.

खाली गेलो तर गाडी ओली. "साहेब, धूळ लई होती, म्हणून दोन बादल्या मारल्या."

त्याच्यावर काय ओरडणार. टँकरचं पाणी अर्धवट पक्क्या थरावर सुकलं आणि ब पट्टीवर पांढऱ्या कड्यांचे गोल उठले, चहाच्या कपाखाली उठतात तसे. बाकी गाडीवरही थोडे. ब पट्टी पूर्ण काढून परत लावावी लागणार.

दोनशे ऐंशी रुपयांचं टीडीएस मीटर मागवलंय, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारं. पाण्याला नुसतं "खारं" म्हणण्यापेक्षा आकडा असलेला बरा.

१५ डिसेंबर, रविवार

मीटरवर टँकरचं पाणी ६४० (लिटरमागे मिलिग्रॅम). पालिकेच्या नळाचं, जे आठवड्यातून मोजकेच दिवस येतं, ११०. म्हणजे एक बादली टँकरचं पाणी पत्र्यावर सुकू दिलं तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मीटर मनाला लागलं. आता गाडीसाठी नळाच्या पाण्याचे दोन कॅन वेगळे भरून ठेवतो.

ब पट्टीवरचे डाग व्हिनेगर आणि पाणी अर्धंअर्धं करून, ओलं फडकं मिनिटभर ठेवून निघाले. हलकं फिनिशिंग पॉलिश, आयपीए, सीलंट. या वेळी मामांना आदल्या रात्री फोन केला आणि बॉनेटवर कागद चिकटवला: पाणी नको. भाच्यासाठी खाली मोठ्या अक्षरात परत: नको.

२९ डिसेंबर, रविवार

डाव्या दारांवर पाणी मारलं तर ते भिंतीवर मारल्यासारखं पसरून तसंच बसलं. उजव्या दारांवर थेंब टपटप ओघळतायत. सीलंट तेच, दिवस तोच, हात तोच. फरक एकच: डावीकडे आयपीए नव्हतं मारलं. पॉलिशच्या तेलावर लावलेलं सीलंट पत्र्याला धरतच नाही, तेलासोबत धुऊन जातं. तीन आठवड्यांत साफ.

दोन दारांचं काम पुन्हा. आता आयपीएची एक बाटली कायम डिकीत.

याच कारणाने वॅक्स आधी आणि सीलंट नंतर असं करू नका, मेणावर सीलंट बसत नाही. उलट क्रम चालतो: सीलंट पक्कं झाल्यावर वर वॅक्स. चमकीसाठी काही लोक तसं करतात.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सहा आठवडे. आज फक्त पाहणी.

थेंबांच्या बाबतीत क पट्टीने बाकीच्यांना लाजवलं. पाणी टाकलं की मोत्यांसारखे गोल, उंच थेंब. अ चे थेंब अजूनही चांगले पण कडा थोड्या विस्कटलेल्या. ब चे थेंब बसके, रुंद, बॉनेटच्या उतारावरून चादरीसारखे एकत्र घसरणारे. ड वर पाण्याचं डबकं.

व्हिडिओत दाखवतात ते हेच, थेंब. त्यावर निवड केली असती तर आज क जिंकला असता. पण त्यावरच मुद्दाम दुसरी चाचणी केली. चारही पट्ट्यांवर टँकरचं पाणी शिंपडलं आणि दुपारी बारा ते तीन उन्हात वाळू दिलं.

क पट्टीवर सगळ्यात जास्त डाग. उंच थेंब जागेवर उभा राहतो, हळूहळू आटतो, आणि त्यातला सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा होऊन बसतो. नखाने चाचपलं तर ठिपका हाताला लागत होता. अ वर त्याहून कमी पण बरेच. ब वर फार थोडे, कारण बहुतेक पाणी उताराने आधीच निघून गेलं होतं. ड वर ठिपके नाहीत, पण पूर्ण पट्टीवर पांढुरकी साय.

ज्यांच्याकडे गोडं पाणी आहे आणि गाडी धुतल्याबरोबर पुसायची सवय आहे त्यांना हे सगळं लागू नाही. धायरी, आंबेगाव, वाघोली, जिथे टँकर येतो तिथे लागू आहे. मला गोल थेंब नकोत, पाणी लवकर खाली जायला हवं. इथपर्यंत यायला सहा आठवडे लागले.

चाचणीतली खोट: चारही पट्ट्यांना सारखं ऊन मिळत नाही, आणि मधल्या दोन पट्ट्यांखाली इंजिनची धग जास्त. डिकीच्या झाकणावर उलट क्रमाने छोट्या पट्ट्या मारल्या. निकाल तोच आला तर मानेन.

१६ फेब्रुवारी, रविवार

उंबर पिकलंय. रात्री वटवाघळं येतात, फळ खातात आणि उरलेलं आमच्या टपावर सोडतात. आज पहाटेची एक शिंतडी बरोबर क आणि ड च्या सीमेवर, जणू मी सांगितलं होतं. मी दहाला खाली उतरलो, तोवर किमान चार तास झाले असतील.

ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचललं. क वर डाग गेला. ड वर, म्हणजे नागव्या पत्र्यावर, बोटाएवढा मंद धब्बा राहिला. उजेड तिरका पडला की दिसतो. तिथलं क्लिअर कोट खाल्लं गेलंय, पुसून निघायचं नाही. म्हणजे थराने वाचवलं खरं, पण फार हुरळून जाऊ नका. त्याच आठवड्यात ऑफिसच्या बाहेर कावळ्याने ब सीलंट असलेल्या टपावर घाण केली, गाडी दिवसभर उन्हात होती आणि तिथेही डाग पडला. थर वेळ मिळवून देतो, तास-दोन तास जास्त. त्या वेळात पुसायला तुम्हीच जायचं.

अ पट्टी: थेंब जवळपास गेले. दहा आठवडे पुरे झालेत. डिकीवर मात्र अ अजून थोडं काम करतंय, तिथे इंजिन नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. संध्याकाळी घरी येताना सिंहगड रस्त्यावर कुठल्यातरी पोरांचा फुगा बॉनेटवर फुटला. हिरवा. घरी आल्या आल्या नळाच्या पाण्याने धुतलं, सगळ्या पट्ट्यांवरून निघाला, ड वरूनही. प्लास्टिकच्या ग्रिलवर मात्र अजून आहे. काहीतरी सनसनाटी लिहायला मिळेल असं वाटलं होतं.

धुतल्यावर ब पट्टीवर पाणी पसरायला लागलं. थेंब नाही, घसरणं नाही. सीलंट तीन महिन्यांत गेलं, असं लिहून टाकलं. मूड गेला.

२३ मार्च, रविवार

परवाची ओळ खोडायची. आज जरा कडक, तेलकट मळ काढणाऱ्या शाम्पूने धुतलं आणि ब पट्टीवर पाणी पुन्हा तसंच घसरायला लागलं. सीलंट गेलेलं नव्हतं, त्याच्यावर रस्त्याच्या धुरकट तेलाचा आणि सिमेंटच्या धुळीचा पापुद्रा बसला होता. पाणी बघून थर "मेला" ठरवण्याआधी एकदा नीट धुवा. मी परवा तसाच नवीन हात मारायला निघालो होतो, म्हणजे मळावर सीलंट.

अ ला हाच प्रयोग केला. काही परत आलं नाही. तिथे खरंच काही उरलेलं नाही.

आणखी एक भानगड आज सापडली: पुसल्यावर सगळीकडे तेलकट पट्टे. अर्धा तास शाम्पूला दोष दिला. मग कळलं की घरच्यांनी मायक्रोफायबरची फडकी बाकी कपड्यांसोबत मशीनमध्ये सॉफ्टनर घालून धुतली होती. सॉफ्टनर फडक्यात राहतो, पाणी शोषलं जात नाही आणि तोच पत्र्यावर उतरतो. सहा फडकी गरम पाण्यात साध्या लिक्विडने दोनदा धुतली तेव्हा जाग्यावर आली. आता गाडीच्या फडक्यांची बादली वेगळी, तिच्यावर मार्करने लिहिलंय.

२० एप्रिल, रविवार

मित्राचं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलं. दुपारी अडीच, गाडी उन्हात, इंजिन बंद. बॉनेटचा मधला भाग ७१ अंश. शेजारच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट ५२. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ ला वितळतं. डब्यातल्या मिश्रणात ते किती आहे ते कंपनी सांगत नाही, पण अ पट्टी बॉनेटवर आधी गेली आणि डिकीवर नंतर, याचा अर्थ मला पुरेसा लागला. पांढऱ्या गाडीवाल्याला, सावलीत लावणाऱ्याला वॅक्स जास्त टिकेल. काळ्याला, पुण्याच्या एप्रिलमध्ये, नाही.

डिकीचा निकाल: क्रम तोच. ब सगळ्यात टिकाऊ, मग क, मग अ. अंतर मात्र बॉनेटपेक्षा कमी.

क पट्टी साधारण अडीच महिन्यांत ढेपाळली. धुताना परत एक फवारा मारला की लगेच उभी राहते, हे तिचं बळ. पण तिच्यावर जानेवारीत पडलेले क्षाराचे तीन ठिपके व्हिनेगरनेही निघाले नाहीत.

या आठवड्यात एक नको ते काम वाढलं. कात्रजच्या चौकात मागून दुचाकी बंपरवर आली. बंपर रंगवून घ्यावा लागेल.

४ मे, रविवार

बंपर रंगवून आला. रंगारी म्हणाला, "यावर लगेच वॅक्स-बिक्स काही नको, दोन-तीन महिने." बरोबर आहे. गॅरेजमध्ये मारलेल्या ताज्या रंगातलं सॉल्व्हंट बरेच दिवस हळूहळू उडत राहतं, वर झाकण घातलं की आत अडकतं. कारखान्यातला रंग मोठ्या तापमानाला भाजलेला असतो, त्याला हे लागू नाही. इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका: ताजं पॉलिश लगेच झाकायचं, ताजा रंग लगेच झाकायचा नाही.

दुसरा हात जूनच्या पहिल्या रविवारी, पावसाच्या आधी, असं ठरवलं. पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो. महिना आहे हातात.

२६ मे, सोमवार

महिना नव्हता. गेला आठवडाभर वळीव झोडपतोय आणि आज हवामान खात्याने मॉन्सून मुंबई-पुण्यात पोचल्याचं जाहीर केलं. मुंबईत १९५० नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. माझा सीलंटचा दुसरा हात बाटलीतच.

पण पावसाने चाचणीचा शेवट फुकटात करून दिला. भर पावसात छत्री घेऊन बॉनेटसमोर उभा होतो, वॉचमन बघत होता. ब पट्टीवर पाणी अजून तुकड्यातुकड्याने खाली सरकतंय, मंद झालंय पण जिवंत आहे. साडेपाच महिने. अ आणि ड मध्ये फरक ओळखू येत नाही. क वर आठवड्यापूर्वी फवारा मारलाय, त्यामुळे ती उड्या मारतेय, तिचा निकाल धरत नाही.

आणि एक गोष्ट जी मी शोधत नव्हतो: पाऊस थांबल्यावर टेपच्या जागेच्या रेषा दिसतात. ड ची पट्टी बाकी बॉनेटपेक्षा एक छटा फिकी, निर्जीव. हात फिरवला तर खरखरीत. सहा महिने तिला नागवी ठेवल्याची किंमत. आता पुन्हा क्ले आणि फिनिशिंग पॉलिश.

८ जून, रविवार

शेजारच्या काकांचं खालचं झाकलेलं पार्किंग दोन दिवसांसाठी मागून घेतलं. "त्यात काय, घे की," म्हणाले. मग गाडी कधी हलवणार ते तीनदा विचारून गेले.

ठरलं ते असं: पूर्ण गाडीला पॉलिमर सीलंट, वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर. टपाला आणि बॉनेटला दोन हात, मध्ये एक दिवस. स्प्रे फक्त गोड्या पाण्याने धुतल्यावर, लगेच पुसून, तेही उभ्या भागांवर, दारांवर, जिथे थेंब उभा राहत नाही. कार्नाउबाचा उरलेला डबा दसऱ्याला बॉनेटवर, कारण अ पट्टीचा तो पहिला आठवडा मला अजून आवडतो. बायकोला दिसला नसला तरी.

ड पट्टीच्या पॉलिशला चाळीस मिनिटं. वटवाघळाचा धब्बा पुसट झाला, गेला नाही. त्यामागे अजून मायक्रॉन घालवणार नाही.

पावसाळी हवेत सीलंट पटकन सुकत नाही. डिसेंबरमध्ये अर्ध्या तासात बोट स्वच्छ निघत होतं, आज पंचावन्न मिनिटं लागली. दोन ठिकाणी घाई केली, तिथे धूसर पट्टे राहिले. दुसरा हात लावून पुसल्यावर गेले.

खर्च, कारण सगळे तेच विचारतात. मशीन ६,८००, चार पॅड १,८००, कंपाउंड (जाडं पॉलिश) आणि पॉलिश १,६५०, क्ले ७००, बारा फडकी ९६०, आयपीए ३८०, टेप १४०, वॅक्स १,४५०, सीलंट १,९००, स्प्रे ८५०, मीटर २८०. एकूण १६,९१०. स्टुडिओच्या १८,००० पेक्षा १,०९० कमी, आणि सात रविवार. फक्त सीलंटच घेतलं असतं तर वॅक्स आणि स्प्रेचे २,३०० वाचले असते, पण मग कशाने काय होतं ते कळलं नसतं. पुढच्या वेळचा खर्च आयपीए आणि अर्धी बाटली सीलंट, एवढाच.

२९ जून, रविवार

मामांशी नीट बोलणं झालं. रोज कोरडं पुसणं बंद, आठवड्यातून दोनदा पाण्याने, पैसे तेवढेच. मामांना आधी पटेना. "साहेब, धूळ दिसली तर लोक म्हणतील मामा कामचुकार झाला." शेवटी काचा आणि आरसे रोज पुसायचे, पत्र्याला कोरडं फडकं नाही, यावर तोड निघाली. त्यांना चार मायक्रोफायबर दिली. पिवळं फडकं त्यांनी टाकलं नाही, सायकलच्या कॅरिअरला बांधून ठेवलंय.

सीलंट व्यवस्थित आहे. डाव्या दारांवर आता उजव्यासारखंच पाणी ओघळतं. राहिलाय तो मागचा बंपर. त्याच्या रंगाला ऑगस्टच्या सुरुवातीला तीन महिने होतील. तोपर्यंत त्याच्यावर उंबरं पडतायत, ती मी सकाळी ऑफिसला निघताना हाताने उचलून टाकतो.